घोट घेणारे शेत

दौलतरावजींना मी प्रथम पाहिले तेव्हा ते मेलेले आहेत अशी माझी समजूत झाली होती. भर दुपारची वेळ, पावसाची जोरदार सर नुकतीच थांबलेली, आणि बोरगावच्या अलीकडच्या एका खेड्यात, शेताच्या मधोमध, एक माणूस जमिनीला कान लावून पालथा पडलेला. नागपूरच्या कॉलेजातून पदवी घेऊन मी सौंसरला स्त्रीशिक्षणाच्या कामावर तेव्हा नवीनच रुजू झाले होते. माझ्याबरोबर त्या शेताच्या मालकीण गयाबाई होत्या. त्या मुळीच घाबरल्या नाहीत.

"मेले नाही वं बाई. शेतीचे साहेब हायेत. ऐकून राहिले ते."

"काय ऐकतात?"

"वावर पाणी पेते ना, ते."

दौलतरावजींनी डोके न उचलता मला हातानेच खाली बसायला खुणावले. चिखलात लुगडे भरेल म्हणून मी सावरून बसले, पण चिखल नव्हताच. शेजारच्या शेतांतून गढूळ पाणी लोंढ्याने वाहत होते. इथे एक ओघळसुद्धा नव्हता. आणि खालून आवाज येत होता. तहानलेल्या माणसाच्या घशातून यावा तसा घुट, घुट, आणि मध्येच एक लांब सुस्कारा.

"पाणी आत शिरतं, तशी आतली हवा बाहेर पडते," ते उठून कपडे झटकत म्हणाले. कारण मला समजले. अंगावरचा काटा मात्र तसाच राहिला.

दौलतरावजी यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या कार्याविषयी लिहा, असे या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सांगितले आहे. इतरांनी त्यांच्या नोकरीतील पदांविषयी लिहिले असेलच. मी या एका शेताविषयी लिहिणार आहे.

गयाबाई लहान वयात विधवा झाल्या. बैलजोडी दिरांकडे गेली, त्यामुळे नांगर चालवणे त्यांना शक्य नव्हते. दौलतरावजी म्हणाले, नांगरूच नका. ज्वारीची धसकटे जमिनीतच राहू द्या, कापसाच्या पऱ्हाट्या जाळू नका, त्या तोडून वर पसरा, उताराला आडवे बांध घाला आणि आडवेच पेरा. गावाने खूप चेष्टा केली. "साहेबानं बाईले आळशी शेती शिकवली," असे पारावर बोलले जाई. पण काही पावसाळे गेले आणि माती बदलली. ढेकळे जाऊन ती रवाळ झाली. मुळे कुजली तिथे नळ्या उरल्या, गांडुळांनी बिळे केली, आणि पाऊस वरून वाहून जायचा तो सरळ खाली जाऊ लागला. इतरांना वाफसा येण्याची वाट पाहावी लागे, तेव्हा गयाबाईंची डवऱ्याची कोळपणी आटोपलेली असे. कापूस चांगला येऊ लागला.

इथपर्यंत सगळे ठीक होते. मग उताराच्या खालच्या अंगाला असलेली नत्थू पटेलांची संत्र्याची बाग मरू लागली.

मी ती बाग पाहिली आहे. जमिनीचा वरचा थर कोरडा, त्याला बारीक भेगा. आणि झाडे मात्र पाण्यात बुडाल्यासारखी पिवळी पडलेली. बुंध्यांतून डिंक गळत होता. वारा नसताना पाने गळत होती, आणि बागेत एकही पाखरू नव्हते. पटेलांच्या आई रोज झाडांना हळद लावत. गावात एकच शब्द फिरू लागला होता: करणी. वरच्या वावरात विधवा बाई, ते वावर घोट घेते, आणि खालची झाडे मरतात. लोकांना याहून जास्त पुरावा नको होता. पोळ्याच्या आत गयाबाईंनी गाव सोडावे, नाहीतर गाव त्यांना काढील, असे ठरले. त्यांच्या विहिरीवर येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. जाण्यासारखे त्यांना माहेर उरले नव्हते.

ते राज्यपुनर्रचनेचे दिवस होते. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीतील मराठी माणसे एकेक करून नागपूरकडे निघून चालली होती. रिकाम्या खुर्च्यांवर धूळ बसत होती. दौलतरावजींनाही विचारणा आली होती, आणि त्यांचे वृद्ध आईवडील वर्ध्याकडे होते. सामान बांधलेले मी स्वतः पाहिले आहे.

त्यांनी ते तसेच ठेवले आणि पटेलांच्या बागेच्या वरच्या कडेला एक खोल खड्डा खणवला. उघडिपीचे दिवस असूनही खड्ड्यात पाणी झिरपू लागले. हे पाणी काळ्या मातीखालच्या मुरमावरून सरकत, वरच्या शेतातून येते, असा त्यांचा तर्क होता. तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी पांढुर्ण्याच्या रंगाऱ्याकडून रंग आणला, पाण्यात कालवला आणि कोणालाही न सांगता गयाबाईंच्या शेतातील बिळांत ओतला. रंग लाल होता. हिरवा का नाही, असे मी पुढे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "त्याच्याकडे लालच होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गाव खड्ड्याभोवती उभे होते. ऊन चटके देत होते. खड्ड्याची भिंत आधी ओली दिसली, मग तांबूस झाली, आणि मग मुरमाच्या फटीतून लाल धार निघाली. पटेलांच्या आईंनी छातीवर हात मारला.

"रगत! माह्या झाडाइचं रगत हाय रे!"

सगळ्या माना गयाबाईंकडे वळल्या. लोक एकेक पाऊल पुढे सरकत होते, आवाज न करता. शेजारी उभ्या गयाबाईंनी माझे मनगट धरले.

दौलतरावजी खड्ड्यात उतरले. त्यांनी ते पाणी ओंजळीत घेतले आणि वर सगळ्यांना दाखवले. कोपरापर्यंत हात लाल झाले होते.

"हा रंग मी टाकला. नांगर मी थांबवला, बांध मी घातले, पाणी मी जिरवलं. गयाबाईंनी फक्त माझं ऐकलं. तुमची झाडं माझ्यामुळं मेली, पटेल."

पटेलांनी त्यांच्या लाल हातांकडे पाहिले. "म्हंजे साहेब, करनी तुमची?"

आपल्या भाषेत करणी म्हणजे केलेले कामही आणि जादूटोणाही. पटेलांना कोणता अर्थ अभिप्रेत होता हे दौलतरावजींना नक्की कळले होते. त्यांनी दुरुस्ती केली नाही.

"हो. करणी माझीच."

लोक मागे सरले. गयाबाईंपासून नव्हे, दौलतरावजींपासून.

त्यांनी नागपूरची बदली नाकारली. दोन्ही शेतांच्या मधे मुरमापर्यंत खोल चर खणून घेतला, आणि ते पाणी पटेलांच्या विहिरीकडे वळवले. बागेची वरची रांग गेली, खालची वाचली. वरिष्ठांना दिलेल्या अहवालात त्यांनी लाभाबरोबर ही हानीही लिहिली. ती गाळा, असे सांगण्यात आले, तेव्हा ते म्हणाले, "पाणी जिरवलं म्हणून ते संपत नाही. ते कुठं निघतं, हेही आपणच पाहायचं." अहवालातले हानीचे वाक्य राहिले, बढती लांबली.

त्यांच्या सौजन्याविषयी एवढेच सांगते. एकट्या बाईला सौंसरमध्ये खोली मिळेना, तेव्हा ते माझ्यासाठी घरमालकाकडे स्वतः गेले नाहीत. पत्नी शांताबाईंना पाठवले. स्वतः गेले असते तर लोक काय बोलले असते, हे त्यांनी मला न विचारता ओळखले होते.

त्या खेड्यात आजही जुनी माणसे त्यांची सावली अंगावर पडू देत नाहीत. तिकडच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही. "ऐसपैस जागा मिळते," असे ते हसून सांगतात. हा गैरसमज सभा घेऊन एकदा दूर करा, असे मी त्यांना बजावले होते. मला असला अडाणीपणा खपत नाही.

ते म्हणाले, "बाई, करणी माझी नाही म्हटलं, तर ते विचारतील, मग कोणाची? गयाबाई अजून तिथंच राहतात."

गयाबाई आज सत्तरीच्या आहेत आणि ठणठणीत आहेत. गाव त्यांच्याशी नीट वागते. म्हणून दौलतरावजींना पंचाहत्तरीनिमित्त माझी शुभेच्छा, आणि ती आज्ञाच समजावी: त्यांनी औषधे वेळेवर घ्यावीत, उन्हात हिंडू नये आणि निरोगी, दीर्घ आयुष्य जगावे. किमान गयाबाईंपेक्षा एक दिवस जास्त.