पिवळी पट्टी

आमच्याकडे कबड्डी हे निमित्त असतं, खरं काम एकमेकांची हाडं खिळखिळी करण्याचं. माहेरच्या संघातून माझा दादा चढाई करायचा, सासरच्या संघातून दीर पकड करायचा. त्या वर्षी रेवदंड्याच्या किनाऱ्यावरच्या स्पर्धेत अंतिम सामना नेमका या दोन गावांत लागला. मागे एकदा याच खेळावरून दोन्हीकडची डोकी फुटली होती. पुन्हा फुटली तर तुझं माहेर तुटलं समज, असं सासूबाईंनी सकाळी चहाबरोबरच ऐकवलं. आणि गुणफलकाचा प्रोग्राम लिहिला होता मी.

पकड करणाऱ्या संघाचे मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना त्यांनी चढाईवाल्याला धरलं तर दोन गुण मिळतात. माझा प्रोग्राम एकच देत होता. उपांत्य सामन्यात पंचांनी ती चूक पकडली. मी त्यांच्या टेबलाशी बसून ती दुरुस्त केली आणि फलकाच्या कॉम्प्युटरवर पाठवली. लॅपटॉप म्हणे पोचली, फलक मात्र जुनंच मोजत राहिला. खात्रीसाठी मी फलकाची वरची पिवळी पट्टी लाल करून पाठवली. पट्टी पिवळीच. फोल्डर तपासला, जुनी फाइल पुसून टाकली, नवी पुन्हा चढवली, तरी पट्टी पिवळीच. मला तो फलक दगड मारून फोडावासा वाटत होता.

मग डोक्यात उजेड पडला. फाइल बदलली होती, पण कॉम्प्युटर सकाळी वाचलेलीच चालवत बसला होता. एकदा बंद करून चालू केला की काम झालं. लांबून मला फक्त फाइल पाठवता येत होती आणि कॉम्प्युटर होता पत्र्याच्या पेटीत कुलपाआड. गेल्या वर्षी बर्फाच्या गोळेवाल्याने ऐन सामन्यात त्याची पिन काढून आपलं मशीन लावलं होतं, म्हणून हा बंदोबस्त. पेटीला हार घालून, नारळ फोडून उद्घाटनही झालं होतं.

चावी मंडळाच्या अध्यक्षांच्या खिशात. मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं बंद करून चालू करू द्या."

"नारल फोरलेली वस्तू मधीच बंद करतात व्हय? अपशकुन हाय तो. तू गप बस."

मी त्यांच्या खिशालाच हात घातला. दोघांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. अंतिम सामन्याची शिट्टी वाजली.

त्या सामन्यात दिराने दादाला तीनदा धरलं, तिन्ही वेळा मैदानात दोघंतिघंच उरले असताना. तिसऱ्या वेळी दादाचं डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज मला टेबलापर्यंत आला. फलकाने दर वेळी एकच गुण दिला. पंच माइकवरून सांगत होते की कागदावरचे गुण धरा, पण ढोलापुढे कुणाला काय ऐकू येणार?

सामना संपला तेव्हा फलकावर माहेर दोन गुणांनी पुढे होतं. पोरांनी दादाला खांद्यावर घेतलं. पंचांनी ढोल थांबवले आणि जाहीर केलं की सासरचं गाव एका गुणाने जिंकलं. दादा खांद्यावरून उतरला तो थेट दिरावर. त्याचा गुडघा दिराच्या तोंडावर बसला, दीर पडला, मग वरून लोखंडी खुर्ची बसली. दोन्ही गावं मैदानात घुसली. बांबू उपटले, मंडप कोसळला, वायर तुटली, फलक काळा पडला. मी किंचाळत दादाच्या पाठीवर बुक्के मारत होते. त्याला ते लागतही नव्हते.

गर्दी पांगल्यावर मंडपवाल्याने वायर जोडली. फलक उजळला. नव्या प्रोग्रामने साठवलेल्या नोंदींवरून सगळे गुण पुन्हा मोजले. सासर एका गुणाने पुढे, वर लालभडक पट्टी.

दीर वाळूत बसून रक्त थुंकत होता. फलकाकडे बघून म्हणाला, "वयनी, झाला बग चालू."

मला रडूच कोसळलं.

भाऊबीजेला दादा आला. सासूबाईंनी स्वतःच पाट मांडला. दीर समोर बसून करंजी डाव्या दाढेने चावत होता, उजवीकडे आता दाढच नाही. मी निरांजन लावून ताट उचललं. दादा फलकाविषयीच बोलला.

"बाय, काय बी म्हन, पयला दिसला तोच आकडा खरा व्हता."

मी ताट खाली ठेवलं आणि त्याला दार दाखवलं.