पिवळ्या पट्ट्यांची पायवाट

बाबा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी डोंगरमंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. बाबा ज्या पायवाटेची देखभाल करायचे, ती आता कोणाच्या नावावर करायची, असं विचारत होते.

"त्यांच्यासोबत दर रविवारी यायच्या त्या ड्रायव्हरबाईंनी मागितली आहे. पण आधी घरच्यांना विचारायची आमची पद्धत आहे."

"माझ्या नावावर करा," मी म्हणाले.

माझं वय सत्तेचाळीस. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला धाप लागते. शेवटचा डोंगर चढले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पण ड्रायव्हरबाईचं नाव ऐकलं आणि तोंडातून निघून गेलं. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळते. तीस वर्षं जळते आहे.

बाबा या देशात आले ते सव्विसाव्या वर्षी, एक बॅग आणि लिफ्ट दुरुस्तीचं सर्टिफिकेट घेऊन. आठवड्याचे सहा दिवस ते लिफ्टच्या खड्ड्यात असायचे, ग्रीसमध्ये, बॅटरीच्या उजेडात. इथली भाषा त्यांना शेवटपर्यंत धड जमली नाही. दुकानात तोंड उघडलं की समोरचा "काय?" म्हणायचा. "डोंगर काही 'काय?' म्हणत नाही," असं बाबा म्हणायचे. रविवारी उजाडायच्या आत पाठीवर सॅक टाकून जे निघायचे, ते दिवेलागणीला परत. मग गॅलरीत वर्तमानपत्रावर चिखलाचे बूट आणि घरभर ओल्या पाचोळ्याचा वास.

"सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या," आई म्हणायची. "डोंगराचं काय उपटणार?"

मंडळातल्या प्रत्येकाकडे एक पायवाट असते. दर दोन वर्षांनी तिच्यावरच्या झाडांना आणि खडकांना पिवळे पट्टे मारायचे, मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे नवखा माणूस चुकत नाही. बाबांना हे काम मिळालं त्याच वर्षी ते मला सोबत घेऊन गेले. मी मागे रेंगाळले, रानटी बोरं तोडत बसले, मान वर केली तर बाबा गायब. त्यांनी मला शोधलं तेव्हा भोकाड पसरून माझा आवाज बसला होता.

"खुणा दिसल्या नाहीत का गं?"

"नाही दिसल्या! मी परत कध्धी येणार नाही!"

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मला परत कधीच विचारलं नाही. एकदा जरी 'येतेस का' म्हणाले असते, तर मी उडी मारून गेले असते. नाही, हेही खोटं. मी नाहीच म्हणाले असते. पण त्यांनी विचारायला हवं होतं.

मी सतरा वर्षांची असताना खालच्या मजल्यावर ही बाई राहायला आली. शहर बस चालवायची, पंचविशीची असेल, सुट्टी रविवारी. महिन्याभरात ती बाबांबरोबर जायला लागली. "काका, निघायचं?" अशी हाक जिन्यातून यायची आणि मी पांघरुणात दात ओठ खायची. जेवताना बाबा तिचे किस्से सांगायचे. माझ्याशी बोलताना दोन शब्दांत आटपणारा हा माणूस तिच्याबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, त्यांना मी शाळेत सोडलं, आईला दवाखान्यात नेलं, बाबांच्या गोळ्या डब्यात भरल्या. म्हटलं तर सगळं मी केलं. पण रविवार तिचा होता.

तर पायवाट माझ्या नावावर झाली. मग कळलं की ती कुठे सुरू होते हेसुद्धा मला माहीत नाही. नाक मुठीत धरून मीच तिला फोन केला. तिने एका शब्दाने टोमणा मारला नाही, याचा मला जास्त राग आला.

रविवारी आम्ही निघालो. तिच्या हातात छाटणीची कात्री, माझ्या हातात रंगाचा डबा. ती पुढे, मी धापा टाकत मागे. पहिलं वळण आलं तरी मला पट्टा दिसेना.

"इथे," ती म्हणाली. वाकून तिने एक झुडूप कात्रीने छाटलं. मागे खोडावर फिकट पिवळा पट्टा होता, माझ्या कमरेच्या जरा वर.

पुढचाही तेवढाच खाली. त्याच्या पुढचाही.

"बाबा म्हातारपणी वाकले होते, म्हणून का?"

"छे. मी पहिल्यांदा आले तेव्हाही इथेच होते. मंडळाने तीनदा पत्र पाठवलं, खुणा नियमाप्रमाणे वर घ्या म्हणून. काका म्हणायचे, माझी मुलगी इथे चुकली होती. तिला दिसल्या पाहिजेत."

"पण मी मोठी झाले होते!"

"मी सांगितलं की त्यांना. म्हटलं, काका, लग्न झालं तिचं. तर म्हणाले, तिने अजून बघितलेल्या नाहीत ना."

मी त्या खोडाशी गुडघे टेकले. तसा पट्टा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आला. रडू आलं ते आवरलं नाही. ती उभीच होती, कात्री मिटत उघडत.

"एक सांगू?" ती म्हणाली. "इतक्या खाली झुडपं सारखी वाढतात. दर रविवारी ती छाटायचं काम माझं. तीस वर्षं मी तुमच्यासाठी वाकत आले. तुम्ही काही आला नाहीत. मला तुमचा फार राग यायचा. माझ्या उंचीची एक खूण नाही केली त्यांनी या डोंगरावर."

तिचा आवाज मी ओळखला. तो माझाच होता.

आता इथे मी तिच्या हातात ब्रश द्यायला हवा होता. पायवाट तुमच्या नावावर करून घ्या, तुमचाच हक्क आहे, असं म्हणायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण ते पट्टे माझे होते. मी डबा उघडला आणि गुडघ्यांवर सरकत, एकूण एकसष्ट पट्टे, सगळे मीच रंगवले. ती पुढे जाऊन झुडपं छाटत राहिली.