सुकडीचं पान

माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा मी मुरुमच्या एका शाळेत मास्तर होतो. कादंबरी बहात्तरच्या दुष्काळावरची होती. त्या साली आमच्या गावाजवळ, माकणीच्या बाजूला, रस्त्याचं काम निघालं होतं. आईबाप तिथं खडी फोडत आणि मी नि धाकटी बहीण कडेच्या बाभळीखाली बसून असू. दुपारी कामावर सुकडी वाटत. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोडसर, कोरडा खाऊ. बा आपल्या वाट्याची सुकडी धोतराच्या सोग्यात बांधून ठेवायचा आणि संध्याकाळी आम्हा दोघांना वाटून द्यायचा. त्याला स्वतःला ती खाताना मी एकदाही पाहिलं नाही. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात मी हेच लिहिलं होतं.

पुण्याच्या प्रकाशकांनी खर्डा वाचला आणि मला बोलावून घेतलं. सज्जन माणूस. चहा दिला, भाषेचं कौतुक केलं. मग म्हणाले, "बाप फार भला झालाय हो. असा बाप वाचकाला खरा वाटत नाही. एकदा तरी त्याला वाईट वागू द्या."

परतीला उस्मानाबादला काम होतं म्हणून येडशीला रेल्वेतून उतरलो. एसटी यायला वेळ होता. स्टेशनातल्या बाकावर बसलो आणि बाप वाईट कसा वागेल याचा विचार करू लागलो. फार वेळ लागला नाही. पोरं उपाशी निजली आहेत, बाप कुडाआड पाठ करून बसलाय आणि पोरांच्या वाट्याची सुकडी मूठमूठ तोंडात कोंबतोय. तोंड कोरडं, घास गिळवत नाही, तरी कोंबतोय. एसटी येईस्तोवर पान लिहून झालं होतं. त्याआधी आणि त्यानंतर मी इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही.

त्या काळी बा गावच्या सोसायटीच्या स्वस्त धान्य दुकानात तराजूवर होता. ही नोकरी काय होती हे सांगायला हवं. आम्ही बौद्ध. धर्म बदलला तरी गावाची वागणूक तेवढ्यानं बदलली नव्हती. दुष्काळ सरता सरता आधीचा मापारी माप मारताना सापडला आणि तालुक्याच्या एका साहेबानं हट्टानं बाला तिथं बसवलं. सुरुवातीला बाया ओटी लांब धरून "वरूनच टाक" म्हणायच्या. बा वरून टाकायचा. पण दाणा कमी पडला नाही, कुणाचाच. पुढं पुढं त्याच बाया बा जेवायला गेला असेल तर पिशवी घेऊन ओट्यावर थांबायच्या, दुसऱ्याकडून माप घ्यायच्या नाहीत. गावानं त्याला दिलेला मान एवढाच होता. त्याला तो पुरत होता.

पुस्तक निघालं आणि मी प्रती पिशवीत भरून गावोगाव जाऊ लागलो. मुरुमच्या पहिल्या कार्यक्रमात एका शिक्षकानं विचारलं, हे सगळं तुमच्या घरात घडलंय का? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, काही घडलेलं, काही रचलेलं. मंडळींचे चेहरे उतरले. प्रती जशा नेल्या तशा परत आणल्या. तेव्हा सगळीकडे आत्मकथनांचे दिवस होते. लोकांना भोगलेलं हवं होतं.

उस्मानाबादच्या कॉलेजात प्राध्यापकांनी माझी ओळख करून देताना परस्परच सांगितलं की हा लेखक यातलं पान न् पान जगलाय. मी गप्प बसलो. सुकडीचं पान वाचलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी रडली. आणलेल्या प्रती कमी पडल्या. त्यानंतर मी कुणाला सांगू दिलं नाही, मीच सांगू लागलो. "तो बाप माझाच." हे वाक्य हळू म्हणायचं, म्हणून झालं की पाण्याचा ग्लास उचलायचा, हे मला सरावानं जमलं. एका साप्ताहिकाच्या बातमीदारानं तेच मथळ्यात घेतलं. तो अंक एसटीनं गावात पोचला.

सोसायटीचे चेअरमन फार गोड बोलणारे. त्यांना पुतण्याला तराजूवर बसवायचं होतं आणि बाच्या कामात काही खोट सापडत नव्हती. अंक वाचून त्यांनी माझा जाहीर सत्कार ठरवला. गोदामापुढं मांडव घातला, कर्णा लावला.

सत्काराच्या दिवशी सकाळी बा अंगणात आरसा टेकवून दाढी करत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "लिव्हलंस ते लिव्हलंस. त्यातलं मला काय कळत न्हाय. पर आज मंडळी इचारतील. मनानं रचलंय म्हनून तेवढं सांग."

"सांगतो बा. तुमी कशाला काळजी करता," मी म्हणालो.

त्यानं गालावरचा साबण पुसला. धुतलेलं धोतर नेसला आणि माझ्याआधीच मांडवात जाऊन पुढं बसला.

हार झाले, भाषणं झाली. मग चेअरमननी माइक हातात घेतला. म्हणाले, "मास्तर, तुमी गावाचं नाव काढलं. एकच शंका हाय. ती सुकडीची गोष्ट खरी का रचल्याली? न्हाय, आमचा दाणागोटा सगळा तुमच्या वडलांच्या हातात हाय, म्हनून इचारतो." मांडवात हसू फुटलं.

बातमीदार पुढंच बसला होता. साप्ताहिकाचा अंक त्याच्या मांडीवर होता. रचलंय म्हणालो असतो तर पुढच्या अंकात मी लबाड ठरलो असतो. पुढच्या महिन्यात औरंगाबादला कार्यक्रम होता. हे सगळं माझ्या डोक्यात स्पष्ट येऊन गेलं, घाबरून काहीतरी बोलून गेलो असं मला म्हणता येत नाही. मी बाच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणालो, "लेखक अनुभवाबाहेरचं काही लिहीत नसतो."

"म्हंजी खरं," चेअरमन म्हणाले.

मी ग्लास उचलून पाणी प्यालो.

कोणीतरी मागून ओरडलं, "अहो, त्यो बसलाय की समोर, त्यालाच इचारा."

बा उठला. त्याला माइक दिला तर तो त्यानं धरला नाही. हात जोडून म्हणाला, "व्हय. खाल्ली म्या. पोरं निजल्यावर खाल्ली. मास्तर खोटं कशाला लिव्हल?" आणि खाली बसला.

चेअरमननी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कबूल करायला छाती लागते म्हणून बाच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि आम्हा दोघांना शेजारी उभं करून फोटो काढला.

घरी आल्यावर आईनं त्याला विचारलं, असं का बोललात? बा म्हणाला, "एवढा शिकल्याला पोरगा. त्याला चारचौघांत खोटा पाडू व्हय?" मी तिथंच उंबऱ्यावर होतो. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि चुलीत फुंकर घालायला वळली. पुढं ती माझ्याशी बोलायची, पण पुस्तकाबद्दल एक शब्द कधी काढला नाही.

तराजू पुतण्याकडे गेला. बाला त्याच गोदामात पोती शिवायला ठेवलं. पूर्वी थांबणाऱ्या बाया आता त्याच्यासमोरच पोती मोजल्यासारखी नजर फिरवायच्या. पोरं त्याला पाहून तोंडात मूठ कोंबल्याची नक्कल करायची. लग्नाच्या पंगतीत वाढपी म्हणायचे, "आधी लेकरांचं होऊ द्या रं, मग त्यांना वाढा." बा हसायचा. मग पंगतीला जायचाच बंद झाला.

मला पुरस्कार मिळाला, दुसरी आवृत्ती निघाली, उस्मानाबादच्या कॉलेजात नोकरी लागली. बायको सोलापूरची, शिकलेली. मला पाहण्याआधी तिनं कादंबरी वाचली होती. बापाबद्दल एवढं खरं लिहिणारा माणूस कधी फसवणार नाही, असं तिला वाटलं होतं. हे ती मला कौतुकानं सांगायची आणि मी ऐकून घ्यायचो.

म्हातारपणी बा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहिला. बायकोनं त्याचं सगळं नीट केलं, औषध वेळेवर घातलं. फक्त तो आल्या दिवशी तिनं पोरांच्या लाडवांचा डबा खालच्या फळीवरून माळ्यावर ठेवला. दुष्टपणानं नव्हे. तिनं पुस्तक वाचलेलं होतं. बाच्या एका डोळ्याला पट्टी होती, दुसऱ्यानं त्याला दिसत होतं. त्यानंतर तो पोरं जेवून, हात धुऊन उठल्याशिवाय ताटावर बसला नाही. बायको मला म्हणाली, बघा, माणसाला पश्चात्ताप होतो. मी भात कालवत होतो. कालवत राहिलो.

बा गेला. मग तिसऱ्या आवृत्तीला मी प्रस्तावना लिहिली. सुकडीचा प्रसंग मी रचला आहे, माझ्या वडिलांनी असं कधी केलं नाही, सत्काराला ते माझ्यासाठी खोटं बोलले, असं सगळं त्यात लिहिलं. मुद्रितं बायकोनं वाचली. तिचे डोळे भरून आले.

"बरं केलंत," ती म्हणाली. "मुलानं एवढं करायलाच हवं."

"अगं, खरंच रचलं होतं मी ते."

"असू दे हो. त्यांनी स्वतः सांगितलंय सगळ्या गावापुढं. तुम्ही आता झाकायला बघताय, चांगलंच आहे ते."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. माळ्यावरच्या डब्याची आठवण मी करून दिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यात माझं काय चुकलं? पोरं लहान होती."

वाचकांची पत्रं आली, तीही अशीच. वडिलांचा दोष पोटात घालणारा मुलगा. चेअरमन आता काठी टेकत चालतात. एसटी स्टँडवर भेटले तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "बापाची अब्रू राखलीस लेकरा." अजून कुठं बोलावलं की ती प्रस्तावना मी वाचून दाखवतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मी थांबा म्हणतो, हे खरं आहे म्हणतो, आणि टाळ्या वाढतात.