प्लगवरचा कापूस

“पोरगी एकटीच आलीय, सेन्सर गेलाय म्हणून सांग की,” भवानी पेठेतल्या गॅरेजचे मालक मेकॅनिकच्या कानाशी म्हणाले, आणि ते मला ऐकू आलं. पप्पांनी पहिल्यांदाच कार माझ्यावर सोपवली होती. फसून परतले असते, तर किल्ली पुन्हा हातात आली नसती. गरम ऑइलचा वास सुटला होता. इंजिनचा दिवा लागला म्हणून घरीच लावलेल्या छोट्या स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरमध्ये दोष दाखवला होता, पण तो सेन्सरचा, वायरचा किंवा नुसत्या फ्यूजचाही असू शकतो, हे मी घरून वाचून आले होते. “ताई, सेन्सरच्या वायरचा प्लग काढून मीटर लावून बघितला की, सेन्सर लई खराब हाय,” मेकॅनिक म्हणाला. मी बॉनेटखाली वाकले. आमच्या गल्लीतल्या यंत्रमागांवरून उडणाऱ्या कापसाचा पातळ थर त्या प्लगवर जसाच्या तसा होता. कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला मराठीत भांडता येत नसे. आजही गरम ऑइलचा वास आला, की आधी मेकॅनिकशी बोलतानाचा माझाच तो कापरा आवाज ऐकू येतो: “काका, आता माझ्यासमोर प्लग काढा आणि मीटर लावा. मी इथेच उभी आहे.”