सप्टेंबरात कूलर लावणारी आमची कॉलनी

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी पहाटे नाल्याचं पाणी आमच्या कॉलनीत शिरलं, आणि दुपारी ओसरलं. आम्ही पहिल्या मजल्यावरचे, कोरडे राहिलो. खाली वानखेडे काकूंच्या घरात मात्र गुडघाभर पाणी आलं आणि जाताना सगळीकडे गाळ ठेवून गेलं...

बाकी महाराष्ट्र ज्यांना गौरी म्हणतो, त्याच आम्हा नागपूरकरांच्या महालक्ष्म्या. काकूंकडे त्या सासूच्या सासूपासून बसतात. त्यांच्या घराण्याचा नेम असा की महालक्ष्म्या आपलं घर सोडून दुसऱ्याकडे बसत नाहीत. त्यामुळे ‘आमच्याकडे बसवा’ म्हणायचीही सोय नव्हती.

मुखवटे माळ्यावर होते म्हणून वाचले. साड्या, कापडी हात, आत भरायचे कपडे, सगळं पलंगाखालच्या पेटीत. पेटी उघडली तर आत गढूळ पाणी...

काका दवाखान्यात होते त्या वर्षीसुद्धा काकूंनी खंड पडू दिला नव्हता. त्या काकू पायरीवर बसून म्हणाल्या, “यंदा नाही बसवत मी त्याइले. हात जोडून माफी मागीन.”

मग ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन लोक आले. कोणी फावडं, कोणी खराटा. एरवी पार्किंगवरून एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसं ओळीने उभी राहून गाळाचे टोपले पुढे देत होती. मी आणि दोघी-तिघींनी आमच्या बाथरूममध्ये साड्या चार-चार पाण्यांतून काढल्या.

संध्याकाळपर्यंत गाळ गेला, पण ओल कशी जाणार? आभाळ गच्च भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. भिंती ओल्या, फरशी ओली आणि साड्या तर निथळतच होत्या. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या होत्या...

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे भोयर भाऊ आपला कूलर घेऊन खाली आले. आता हे कूलर प्रकरण सांगायला हवं. दर उन्हाळ्यात त्यांच्या कूलरचं पाणी काकूंनी वाळत घातलेल्या कुरड्यांवर गळतं, आणि दर उन्हाळ्यात दोघांचं वाजतं. एप्रिलपासून अबोला होता. भाऊंनी नुसतं कोरडं वारं यावं म्हणून कूलरच्या गवताच्या जाळ्या काढल्या आणि मान खाली घालूनच विचारलं, “काकू, कुठी ठेवू?”

काकूंनी बोटाने कोपरा दाखवला. मग काय... गॅलऱ्यांमधले, गच्चीवरचे, पोत्यात बांधून ठेवलेले कूलर एकामागून एक उतरले. खालची लाईन बंद होती म्हणून आमच्या घरून वायर ओढली. जिन्यात दोऱ्या बांधून साड्या टांगल्या आणि खाली कोरड्या कूलरचं वारं सोडलं.

आमच्या कॉलनीतले देशमुख आजोबा मात्र अस्सल नागपूरकर. कूलर दिसला की हात शिवशिवतात. त्यांनी सवयीने बादलीभर पाणी टाकीत ओतलं आणि पंपही सुरू केला! जाळ्या नव्हत्याच, त्यामुळे पाणी थेट नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. सगळे त्यांच्याकडे बघताहेत आणि आजोबा समाधानाने म्हणतात, “आता कसं गार लागून राहिलं.” सकाळपासून पहिल्यांदा काकू हसल्या. आम्ही पुन्हा फरशी पुसायला घेतली.

पाळ्या लावून सगळ्यांनी ते कूलर सांभाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला हात लावून पाहिला, तर बऱ्यापैकी सुकली होती. साड्यांना इस्त्री झाली, कापडी हात भरले गेले. पुरणाची डाळ कुणाच्या घरी शिजली आणि भाज्या कुणी चिरल्या, हे मलाही नीट माहीत नाही.

महालक्ष्म्या आत आणताना दारापासून पावलं काढतात, आणि घरातलं कोणीतरी विचारतं, कशाच्या पावलानं आली? उत्तर ठरलेलं असतं, सोन्याच्या पावलानं. यंदा विचारायचा मान काकूंनी मला दिला.

मी विचारलं. काकू मुखवटा घेऊन उंबरठ्यावर थांबल्या. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं... कितीही घासले तरी नखांत गाळ होताच.

“माह्या कॉलनीच्या पावलानं आली,” त्या म्हणाल्या आणि आत आल्या.

पुढचं विचारायचं मी विसरूनच गेले. या माणसांची मी शेजारीण आहे, याचा मला फार फार अभिमान वाटतो.