तलवारीचा मामा

बाई लग्नं जुळवायच्या आणि सगळं गाव त्यांना चौकशीमावशी म्हणायचं. समोरचा मुलगा खुर्ची ओढून नीट टेकतो न टेकतो तोच मावशींनी त्याच्या आजोबांचा धंदा, आईचं माहेर आणि मामाचा स्वभाव काढून घेतलेला असे. मामावर त्यांचा फार भर. बाप कसाही निघू शकतो, पण मामावरून घर कळतं, हे त्यांचं शास्त्र होतं.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक जुनी तलवार होती. यजमान हयात असताना तिला 'आमच्या घराण्याची' म्हणत, म्हणून मावशीही येईल त्याला तेच ऐकवत. एकदा एका मुलाच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला, तलवारीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ही कुठली हो? आपल्याकडची वाटत नाही." मावशींनी घाईघाईनं चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. लोकांच्या सात पिढ्यांची अंडीपिल्ली ठाऊक असलेल्या बाईला स्वतःच्या भिंतीवरची तलवार कुठल्या घरची ते सांगता येईना, म्हणजे धंदाच बसायची पाळी.

"संग्रहालयात तलवारी ओळखणारा एकच माणूस आहे," लेक म्हणाली. "पण तुला चालायचा नाही. तोच तो."

तोच तो म्हणजे लेकीनं पसंत केलेला. अनाथाश्रमात वाढलेला, आईबापांचाच पत्ता नाही, तिथे मामा कुठून आणणार? मावशींनी त्याचं तोंडही न बघता नकार दिला होता. लेक म्हणाली, करीन तर त्याच्याशीच. तेव्हापासून दोघी एका घरात पाहुण्यांसारख्या वागत होत्या. मावशींना ते आतून फार लागत होतं, पण माघार त्यांच्या रक्तात नव्हती.

शेवटी तलवार चादरीत गुंडाळून, आजारी माणसाला धरून बसावं तशी टॅक्सीत धरून त्या संग्रहालयात गेल्या.

मागच्या खोलीत तेलाचा वास येत होता. त्यानं हातमोजे चढवले आणि पातं दिव्याखाली सावकाश फिरवलं.

"पातं तुर्की वळणाचं, टोकाकडे रुंद होत गेलेलं," तो म्हणाला. "मूठ ब्रह्मदेशाकडच्या धाटणीची. म्यानावरची लाख जपानी वाटते."

"म्हणजे बाप एकीकडचा, आई भलतीकडची आणि कपडे मागून आणलेले," मावशी म्हणाल्या. "मामाकडचं काही कळतं का?"

त्यानं हा प्रश्नसुद्धा गांभीर्यानं घेतला. भिंग लावून मुठीलगत पाहिलं. "इथे शिक्का होता. कुणीतरी घासून टाकलाय. मामा सापडत नाही, मावशी."

"मग मूळची कुठली समजायची?"

"माहीत नाही."

मावशींनी स्टूल पुढे ओढलं. "हे बघा, तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे, मी कोण ते तुम्हाला. एखादं बरंसं घराणं सांगून टाका, सरदार-बिरदार. मग मीही बाकीचं नव्यानं बघेन."

त्याचे कान लाल झाले. त्यानं भिंग खाली ठेवलं.

"सांगता येईल," तो म्हणाला. "पण ते खरं नसेल."

त्यानं तलवार पुन्हा चादरीत गुंडाळून दिली आणि टॅक्सीपर्यंत सोडायलाही आला.

वाटेत मावशी धुसफुसत होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी टोप घातलेली टकली पाहिली होती, जाड टाचांच्या बुटांनी वाढवलेली उंची पाहिली होती, पंपावर पेट्रोल भरणारे 'तेल कंपनीतले साहेब' पाहिले होते. 'माहीत नाही' असं कबूल करणारा मुलगा मात्र एकही भेटला नव्हता. आणि भेटावा तर नेमका हाच.

लेक दारातच उभी होती. "कुठली निघाली?"

"माहीत नाही म्हणाला." मावशी चपलांसकट खुर्चीत बसल्या. "त्याच्याकडून बोलणी करायला कोण येईल गं?"

लेकीला आधी कळलंच नाही. मग ती दारातून आत आली. "कोण येणार, आई? त्याला कोणीच नाही."

"मग त्याच्याकडून मी बसते," मावशी म्हणाल्या. "तुझ्याकडून काकांना बसव. आणि त्यांना आधीच सांगून ठेव, मुलाकडची माणसं जरा तिरसट आहेत."