फॅमिली डेची भाऊबीज

दोहा मी पहिल्यांदा पाहिलं ते पायी. येऊन दोनच दिवस झाले होते. दिवाळी पुण्याला सासरी उरकून, बॅगेत चकल्या-अनारसे कोंबून मी इथल्या अल सद्द भागातल्या ह्यांच्या फ्लॅटमध्ये उतरले, आणि भाऊबीज त्या गडबडीत विमानतळावरच गेली. पण इथे सगळे सण शुक्रवारी करतात, सुट्टी तेवढीच. म्हटलं, शुक्रवारी भावाला घरी बोलवू, पाटावर बसवू, नीट ओवाळू.

माझा धाकटा भाऊ माझ्या आधीपासून इथे होता. फुटबॉल वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमवर सळया बांधायचा, मजुरांच्या कॅम्पात राहायचा. माझ्या लग्नालासुद्धा त्याला रजा मिळाली नव्हती. सासरच्यांनी मात्र मांडवभर सांगितलं होतं, मुलीचा भाऊपण गल्फमध्ये असतो म्हणून. गल्फमध्ये काय करतो, ते कोणी विचारलं नाही आणि आमच्या ह्यांनीही सांगितलं नाही. ते मेट्रोच्या कामावर इंजिनिअर. एकाच शहरात असून मेव्हण्याला एकदाही भेटले नव्हते.

"घरी नको," हे म्हणाले. "बिल्डिंगमध्ये सगळे ऑफिसचेच लोक आहेत. त्यापेक्षा आपण शहर बघत मॉलपर्यंत चालत जाऊ. त्याला तिथेच बोलव. मस्त जेवू."

"आणि ओवाळू कुठे? एस्कलेटरवर?"

"अगं, कुंकू लाव की कुठेतरी. झालं."

पहिलीच सुट्टी, कशाला तोंड वाजवा. कुंकवाची डबी, अक्षता आणि सुपारी पर्समध्ये टाकली, अनारशांचा डबा पिशवीत घेतला आणि निघाले.

चालत जाऊ म्हणणं सोपं. इथे चालतं कोण? अख्खं शहर खणून ठेवलेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसला तो फुटपाथ. चार पावलं गुळगुळीत लादी, की पुढे पत्र्याचं कुंपण, त्यावर फुटबॉलला लाथ मारणाऱ्या पोरांची चित्रं आणि कुंपणापलीकडे खड्डा. परवा होता तो रस्ता आज दुसरीकडे वळवलेला. पांढऱ्या गाड्या अशा सुसाट जायच्या की पदर उडावा. ह्यांना मात्र उत्साह भलता. इथे स्टेशन येणार, तिथे जिना येणार, हात करून करून दाखवत होते. रस्ता ओलांडायचा झाला की माझा हात घट्ट धरायचे आणि पलीकडे गेलं की लगेच सोडायचे. मला हसू यायचं. खरं सांगते, तोवर मला बरं वाटत होतं. एका केरळी हॉटेलात आम्ही उभ्या उभ्या कडक चहा घेतला, बांधकामाच्या धुळीने माझी साडी गुडघ्यापर्यंत पांढरी झाली, आणि ह्यांनी ती स्वतःच्या रुमालाने झटकली.

"आज मला दारात कोणी अडवणार नाही," हे मध्येच म्हणाले. मग सांगितलं. शुक्रवारी मॉलमध्ये फॅमिली डे असतो. बायका-पोरं असलेल्यांना आत सोडतात, एकट्या पुरुषाला नाही. लग्नाआधी हेही त्या दारातून हात हलवत परत आले होते.

मी जागच्या जागी थांबले. "मग माझा भाऊ?"

"तो आपल्याबरोबर आहे ना. मी बोलतो वॉचमनशी. साला म्हणजे फॅमिलीच की."

हे शब्द त्यांचे. मी विसरलेले नाही.

भाऊ आमच्या आधीच येऊन दारापासून लांब, उन्हात उभा होता. काळा पडला होता, हडकला होता. शर्ट नवा, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. मला बघून "ताई" म्हणाला. मग वाकून ह्यांच्या पाया पडला, "दाजी, बरे आहात ना?" ह्यांनी इकडेतिकडे बघून "असू दे, असू दे" केलं.

दाराशी आलो. आम्हा दोघांना वॉचमनने वाट दिली आणि भावापुढे हात आडवा धरला. "आज फॅमिली डे है, भाई."

"मेरा सगा भाई है," मी म्हटलं.

बिचारा वॉचमन नेपाळी, तोही पोटासाठीच उभा. त्याने आमची कार्डं मागितली. माझ्या कार्डावर नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. भावाच्या कार्डावर वडिलांचं. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवले, त्याच्याशी माझं नातं सांगणारं एक अक्षर आता माझ्याजवळ नव्हतं. लग्नात सगळं हौसेने बदलून घेतलं होतं ना. वॉचमनने दोन्ही कार्डं बघितली आणि मग ह्यांच्याकडे बघितलं. "सर, आप बोलो. ये आपके कौन हैं?"

नेमके तेव्हाच ह्यांच्या ऑफिसचे मोठे साहेब सहकुटुंब मागे येऊन उभे राहिले. पुण्याचेच. "अरे वा, वहिनी आल्या का? आणि हे कोण?"

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक शब्द हवा होता.

"ओळखीचा आहे," हे म्हणाले. "हिच्या गावाकडचा." आणि वॉचमनला, "पहचान का है, गाँव का."

"फिर नहीं होगा, सर."

साहेब आत गेले. हे मला हळूच म्हणाले, "चल, आपण जेवून येऊ. तो थांबेल."

"तुम्ही जा," मी म्हटलं. "माझी फॅमिली बाहेर आहे."

भिंतीकडेला, कचऱ्याच्या डब्याशेजारी मी भावाला उभं केलं. न सांगता त्याने खिशातला रुमाल काढून डोक्यावर ठेवला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या. बोटातली लग्नाची अंगठी काढली आणि सुपारीबरोबर त्याच्या तोंडाभोवती फिरवली. वाऱ्यात दिवा कुठला लागायला. अनारसा भरवला तर तो खाली बघत चावत राहिला. रडू येऊ नये म्हणून मी त्याची कॉलर नीट करत होते, जी नीटच होती. त्याने मला एक ओढणी दिली, लालभडक, आईला आवडतो तसला रंग.

हे चार पावलांवर फोनमध्ये डोकं घालून उभे होते.

कॅम्पाची बस गाठायची होती. निघताना भाऊ ह्यांच्यासमोर गेला. या वेळी वाकला नाही. सरळ उभा राहून म्हणाला, "येतो, साहेब."

दाजी म्हणाला नाही. पुढेही कधी म्हणाला नाही.

तो बसकडे गेल्यावर हे माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "किती समजूतदार आहे गं तो." खरंच तसं वाटलं त्यांना. मग रस्ता ओलांडायला त्यांनी हात पुढे केला. मी पर्स त्या बाजूच्या हातात घेतली आणि एकटीच पलीकडे गेले.